धूळ थोडी असली तरी कोरडे फडके नको

गाडीवरची धूळ हलकी असेल तर ती पुसायला कोरडे फडके पुरते, हे काहींचे मत मला पटत नाही. आमच्या ग्वाल्हेरच्या आसपास वालुकाश्म आहे. धुळीत येणारे त्यातील क्वार्ट्झ या खनिजाचे कण काचेपेक्षाही कठीण (कठीणपणाच्या मोह्ज मापनावर १० पैकी ७) आणि गाडीच्या रंगावरील पारदर्शक थर मात्र साधारण ४०-५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यामुळे कोरडे पुसल्यास बारीक ओरखडे पडतात, आणि गडद रंगाच्या गाडीवर ते उन्हात फारच दिसतात. उन्हाळ्यात पाणी जपायचे असल्यास रिन्सलेस वॉशचे (नंतर पाण्याने धुवावे न लागणारे) द्रावण सावलीत, थंड पत्र्यावर भरपूर फवारावे, थोडे थांबावे आणि मऊ मायक्रोफायबर कापड जोर न देता, टपापासून खाली, सरळ रेषेत फिरवून त्याची घडी वरचेवर बदलावी. चिखल किंवा पक्ष्यांची विष्ठा असेल, तर आधी पाण्याची धारच हवी.