जुनी ७१८ केमन घ्यायची आहे, अर्ध्या तासाच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये नेमकं काय बघायचं?

मोकळा_रस्ता

नमस्कार मंडळी. अंधेरीतल्या एका डीलरकडे २०१८ ची पोर्शे ७१८ केमन बघून ठेवली आहे. २ लिटर टर्बो, पीडीके (पोर्शेचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), २२ हजार किमी, दुसरा मालक, एमएच पासिंग. स्पोर्ट क्रोनो (वेगवान ड्रायव्हिंगचं पॅकेज) आणि २० इंची चाकं आहेत. पूर्ण गाडीला पीपीएफ (रंग जपणारी पारदर्शक फिल्म) आहे. शनिवारी दुपारी तीनला बोलावलंय. अर्धा तास गाडी देणार, शेजारी त्यांचा माणूस बसणार.

अशी गाडी अर्ध्या तासात कशी पारखायची? या मॉडेलची दुखणी कोणती? ३०० पीएसची गाडी टेस्ट ड्राइव्हला किती दाबावी? क्रमाने सांगितलंत तर बरं होईल, तिथे उभं राहिल्यावर निम्मं विसरायला होतं.

टॉर्करेंच

पहिलं काम म्हणजे वेळ बदलून घ्या. दुपारी तीनला रस्ता तुंबलेला असतो आणि इंजिन सकाळपासून दोनतीनदा चालू झालेलं असतं. रविवारी सकाळी सातची वेळ मागा आणि "मी येईपर्यंत गाडी स्टार्ट करू नका" असं स्पष्ट सांगा. या इंजिनाबद्दल सगळ्यात जास्त कळतं ते पहिल्या दोन मिनिटांत, आणि तेही इंजिन गार असेल तरच.

पोचल्यावर मागच्या काचेवर हात ठेवा. इंजिन सीटच्या मागे आहे, त्यामुळे गाडी नुकतीच चालवलेली असेल तर मागचा भाग कोमट लागतो. गार असेल तर स्वतः मागे एक्झॉस्टपाशी उभे राहा आणि दुसऱ्याला स्टार्ट करायला सांगा. सुरुवातीला आयडल (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) चढलेलं असतं आणि आवाज जाडाभरडा, धडधडल्यासारखा येतो. चार सिलिंडरचं फ्लॅट इंजिन आहे, ते असंच बोलतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) तापवायला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, मुद्दाम आयडल चढवतो आणि थोड्या वेळाने तो खाली बसतो. निळसर धुराचा एखादा झोत आला तरी घाबरू नका. सिलिंडर आडवे असल्याने बंद गाडीत थोडं ऑइल आत झिरपून राहतं आणि ते जळतं. मिनिटाभरानंतरही निळा किंवा दाट पांढरा धूर येत राहिला तर मात्र ऑइल सेपरेटर (इंजिनातल्या वाफेतून ऑइल वेगळं करणारा भाग) किंवा टर्बोकडे संशय जातो. तिथे पुढची बोलणी थांबवून तपासणी मागा.

आता टॉर्च काढा. पुढच्या बंपरमध्ये डावीउजवीकडे जी तोंडं आहेत त्यांच्या आत आधी एसीचा कंडेन्सर आणि त्यामागे रेडिएटर असतो. ती तोंडं उघडी असतात. पानं, प्लास्टिकच्या पिशव्या, रस्त्यावरची खडी सगळं तिथे जाऊन बसतं, पावसात भिजतं आणि ॲल्युमिनियम खातं. मुंबईच्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होतं. पत्र्या भुगा झालेल्या, कोपऱ्यात पांढरट-हिरवट बुरशीसारखी पूड किंवा कूलंटचा गुलाबी थर दिसला तर रेडिएटरचा खर्च धरून चाला. कचरा नुसता अडकला असेल तर तो सफाईचा प्रश्न आहे, पण आधीच्या मालकाने बंपर कधी उतरवून घेतला नाही एवढं त्यातून कळतं.

टायर बाहेरून बघून उठू नका. मागच्या चाकांना निगेटिव्ह कॅम्बर असतो, म्हणजे ती वरून आत कललेली असतात, त्यामुळे आतली कड आधी झिजते आणि ती उभ्याने दिसत नाही. व्हील आर्चमध्ये हात घालून बोटं टायरच्या आतल्या कडेवरून फिरवा. बाहेर ५ मिमी नक्षी आणि आत बोटाला तार लागते, असे टायर सर्रास सापडतात. तार लागली की मागचे दोन्ही टायर गेलेच समजा, अलाइनमेंटही आली. मग टायरवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे बघा, ते टायर कधी बनला ते सांगतात. "१८१८" म्हणजे २०१८ चा अठरावा आठवडा. गाडीबरोबर आलेलेच टायर अजून असतील तर नक्षी कितीही शिल्लक असो, रबर कडक झालेलं असतं आणि पकड राहत नाही. चारही टायर एकाच मेकचे आणि पोर्शेच्या मान्यतेचे, म्हणजे साइडवॉलवर एन-शून्य, एन-एक असा शिक्का असलेले हवेत. माप पुढे २३५/३५ आणि मागे २६५/३५. इतक्या बारीक साइडवॉलला आपल्या खड्ड्यांत फुगे येतात आणि रिम आतून वाकते. फोनचा कॅमेरा चाकाच्या मागे धरून रिमच्या आतल्या काठाचा व्हिडिओ घ्या.

या गाडीला डिपस्टिक नाही. ऑइल लेव्हल मीटरमधल्या स्क्रीनवर दिसते, तीही इंजिन तापलेलं आणि गाडी सपाटीवर असताना. ती परत आल्यावर बघायची.

फ्लॅटफोर

वर सांगितलंय ते सगळं गाडी उभी असतानाचं. आता चालवताना.

पहिली दहा-बारा मिनिटं ३ हजार आरपीएमच्या वर जाऊ नका. पाणी पाचेक मिनिटांत ९० ला पोचतं, ऑइलला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. स्क्रीनवर ऑइल टेंपरेचर लावून ठेवा. ते ८० च्या पुढे गेल्याशिवाय पूर्ण थ्रॉटल द्यायचा नाही. शेजारचा माणूस "दाबा सर, काही होत नाही" म्हणाला तरी नाही. तो गिऱ्हाइकांना गार इंजिनावर असंच दाबायला सांगत असेल तर इंजिनाने काय सोसलंय याचा अंदाज तिथेच येतो.

ही दहा मिनिटं ऐकण्यासाठी आहेत. एसी, रेडिओ बंद, काचा वर. खराब पॅच बघून २० च्या वेगाने जा. पुढून ठक-ठक आली तर सस्पेन्शनमधले लोअर कंट्रोल आर्मचे बुश (रबरी जोड) किंवा स्ट्रटचे वरचे माउंट. स्टिअरिंग वळवताना चरचर किंवा स्प्रिंग ताणून सुटल्यासारखा आवाज आला तर बहुधा माउंटच. मग काचा खाली करून कंपाउंडच्या भिंतीजवळून हळू जा, भिंतीवरून आवाज परत येतो आणि व्हील बेअरिंगची घरघर स्वच्छ ऐकू येते.

पीडीकेची खरी परीक्षा वेगात होत नाही, रांगण्यात होते. ब्रेक सोडून नुसती सरकू द्या, थांबवा, परत सरकू द्या. पाच-सहा वेळा करा. बेसमेंटच्या चढावर रिव्हर्समध्ये मुंगीच्या पावलाने न्या. क्लच घसरत असेल किंवा कंट्रोलमध्ये गडबड असेल तर इथे थरथर किंवा झटका येतो. गार असताना पहिला-दुसरा जरा रुक्ष पडला तर चालतं. गरम झाल्यावरही धक्का राहिला, डी मधून आर मध्ये जाताना ठोका बसला किंवा गिअरबॉक्सची सूचना क्षणभर येऊन गेली, तर गाडी तशीच परत न्या. गिअरबॉक्सची दुरुस्ती हा या गाडीतला सगळ्यात मोठ्या खर्चांपैकी एक आहे.

ऑइल तापल्यावर मोकळ्या सरळ रस्त्यावर मॅन्युअल मोडमध्ये दुसरा गिअर, ४० पासून ८० पर्यंत पूर्ण थ्रॉटल. एवढं पुरे. ३८० एनएमचा टॉर्क १,९५० पासून ४,५०० आरपीएमपर्यंत सपाट आहे, त्यामुळे २ हजारच्या आसपास छोटासा दम घेऊन गाडी एकसारखी ओढत गेली पाहिजे. मध्येच अडखळली तर प्लग, कॉइल किंवा बूस्टची (टर्बोच्या दाबाची) गळती. मग तिसऱ्या गिअरमध्ये तेच, पण थ्रॉटल अर्धाच. प्लगची बदली साधारण चार वर्षांनी येते, २०१८ च्या गाडीत ती झालेली असलीच पाहिजे.

ब्रेक ८० वरून ३० पर्यंत, ठाम पण एबीएस लागणार नाही इतके, तीन वेळा, मध्ये मिनिटभर सोडून. मागे कोणी नाही हे बघूनच. महिनाभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज असतो, त्यामुळे पहिल्या एक-दोन ब्रेकला खरखर होते आणि जाते. तिसऱ्यालाही पेडल पायाखाली धडधडलं तर डिस्कवर पॅडचे डाग बसलेत किंवा डिस्क असमान झिजलीय. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, कडेला नखाला लागेल असा ओठ तयार झाला असेल तर मोजून घ्या.

अंधेरीहून निघत असाल तर सकाळी सातला हायवेने वांद्रे आणि सी लिंकवरून वरळी हा रस्ता धरता येतो. सी लिंकवर मर्यादा ८० आहे आणि कॅमेरे आहेत. तिथे ब्रेक टेस्ट करायची नाही. तिथे ८० वर स्टिअरिंग हलक्या हाताने धरून थरथर येते का आणि गाडी एका बाजूला ओढते का, एवढंच बघायचं. पीएसएम (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) कुठेही बंद करू नका.

मोकळा_रस्ता

फार उपयोगी. वेळ बदलून घेतली, रविवारी सात. डीलर म्हणतोय की लाँच कंट्रोल (उभ्या गाडीतून पूर्ण ताकदीने सुटण्याची सोय) करून दाखवतो, मग खात्री पटेल. दाखवू द्यावं का? आणि इंजिन ओव्हर-रेव्ह झालंय का, म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त आरपीएमवर फिरलंय का, हे कळण्याचा काही मार्ग?

टॉर्करेंच

लाँच कंट्रोल नको, स्पष्ट नाही म्हणा. इंजिन निरोगी आहे की नाही हे त्यातून कळत नाही, आणि क्लच, माउंट, मागचे टायर झिजतात ते तुम्ही विकत घेणार असलेल्या गाडीचे.

मायक्रॉन

ओव्हर-रेव्हचा रिपोर्ट इंजिनच्या कंप्युटरमधून निघतो. कोणतंही साधं ओबीडी डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावून एरर वाचायचं छोटं उपकरण) चालत नाही, पोर्शेचं डायग्नॉस्टिक किंवा त्याला पुरं पडणारं उपकरण लागतं. त्यात आरपीएमच्या चढत्या टप्प्यांच्या सहा रेंज असतात. खालच्या तीनमध्ये नोंदी असणं वावगं नाही, लाल रेषेपाशी गेलं की त्या भरतात. ४, ५, ६ मधल्या नोंदी म्हणजे चुकीचा गिअर पडून इंजिन यांत्रिकरीत्या फिरवलं गेलं. पीडीके असा डाउनशिफ्ट घेतच नाही, त्यामुळे तुमच्या गाडीत वरच्या तीन रेंज कोऱ्याच असायला हव्यात. तिथे आकडा दिसला तर तो किती इंजिन-तासांवर नोंदला गेलाय ते बघा आणि खुलासा मागा.

माझ्या मते त्याच रिपोर्टमधला जास्त मोलाचा आकडा आहे इंजिनचे एकूण तास. किमीला तासांनी भागा. २२,००० किमी आणि ७०० तास म्हणजे सरासरी ताशी ३१, अगदी पटण्यासारखं. मुंबईत सगळा वेळ गेलेली गाडी २० च्या आसपास येईल. पण २,००० तास निघाले तर सरासरी ११ येते, आणि मग ओडोमीटरवर विश्वास ठेवू नका. सर्व्हिसच्या प्रत्येक नोंदीतलं किमी तारखेनुसार चढत गेलंय का तेही मांडून बघा.

रंगाची जाडी मोजणार असाल तर एक फसगत टाळा. ७१८ ची दारं आणि पुढची-मागची झाकणं ॲल्युमिनियमची आहेत. लोहचुंबक किंवा फक्त लोखंडावर चालणारं मीटर तिथे काहीच सांगत नाही, ॲल्युमिनियम वाचणारं मीटर घ्या. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन. तुमच्या गाडीला पीपीएफ आहे, तो एकटाच १५०-२०० मायक्रॉन धरतो, म्हणून ३०० आलं की "रंगवलीय" असा निष्कर्ष काढू नका. दाराच्या आतल्या चौकटीत, झाकणांच्या आतल्या बाजूला, जिथे फिल्म नसते तिथे मोजा आणि पॅनेलची आपसात तुलना करा. एकच दार बाकीच्यांपेक्षा १५० ने जास्त असेल तर प्रश्न विचारा. चौकटीतल्या बोल्टवर पान्याच्या खुणा आहेत का तेही बघा.

आणि मुंबईची गाडी आहे, तेव्हा पुराचं बघाच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला मातकट रेघ नसावी. पुढच्या डिकीतलं अस्तर उचला, सीटखालचे कनेक्टर हिरवे पडलेत का बघा. कुबट वास अत्तराने झाकलेला असतो, म्हणून डीलरने फवारलेला सुगंध हीच खूण समजा.

कागद_आधी

स्टिअरिंग हातात घेण्याआधी विमा चालू आहे ना, पॉलिसी डोळ्यांनी बघा. तुमचं लायसन्स जवळ ठेवा. ठोकली तर भरपाई कोणी करायची, पॉलिसीतली कंपल्सरी डिडक्टिबल कोणाची, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. तोंडी बोलणं नंतर कोणाला आठवत नाही.

सरकारच्या परिवहन पोर्टलवर नंबर टाकून मालकाचा क्रमांक, कर्जाचा बोजा आणि चलनं तपासा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मिळेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. चॅसी नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा.

फ्लॅटफोर

शेवटची पाच मिनिटं राहिली होती. परत आल्यावर गाडी लगेच बंद करू नका. एसी लावून पाच मिनिटं आयडलवर ठेवा. पुढे वाकून दोन्ही बाजूंचे पंखे फिरतात का ऐका, एकच फिरत असेल तर ट्रॅफिकमध्ये तापणार. एसीचा गारवा आयडलवर उतरला तर कंडेन्सर किंवा पंखा. गोडसर वास म्हणजे कूलंट. ऑइल लेव्हल आता वाचा. मागचा स्पॉयलर १२० च्या पुढे आपोआप उठतो, तेवढं पळवायची गरज नाही, बटणाने वर-खाली करून बघा. ऑटो स्टार्ट-स्टॉप पूर्ण फेऱ्यात एकदाही लागलं नाही तर बॅटरी दमलेली असू शकते. उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे नेहमीचं, आणि कमी व्होल्टेजमुळे भलत्याच सूचना येतात, म्हणून मोठ्या तपासणीआधी बॅटरी पूर्ण चार्ज करायला सांगा.

मग बंद करा, दहा मिनिटं थांबा, परत स्टार्ट करा. गरम इंजिन दुसऱ्या सेल्फला उठलं तर तेही लिहून घ्या. निघताना गाडी जिथे उभी होती तिथली फरशी बघा. एसीचं स्वच्छ पाणी सोडून दुसरा कुठलाही थेंब असेल तर त्याचा फोटो काढा. टोकन द्यायचं ते लिफ्टवरची तपासणी झाल्यावर, आणि तिचा खर्च तुम्ही केलात तर रिपोर्टही थेट तुमच्याच हातात येतो.

मोकळा_रस्ता

सगळं एका कागदावर उतरवून घेतलंय. रंगाचं मीटर भाड्याने मिळतंय, डायग्नॉस्टिकसाठी सोमवारची वेळ मिळाली. इंजिनचे तास आणि सहाही रेंजचे आकडे इथे टाकतो.