कॅम्पेनसाठी जग कुठलं घ्यावं, आणि ते शिकायचं कुणी?

शनिवारची_रात्र

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं वठवत फासे टाकून खेळायचा खेळ) खेळणारा आमचा पाच जणांचा गट आहे. दोघं पुण्यात, एक ठाण्याला, एक नाशिकला आणि एक मैत्रीण न्यू जर्सीत. आमच्याकडे रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा तिच्याकडे सकाळचे अकरा. तीन वर्षं वन-शॉट, म्हणजे एका बैठकीत संपणाऱ्या गोष्टी खेळलो, आता वर्षभर टिकेल असं कॅम्पेन, म्हणजे सलग लांब गोष्ट करायचीय. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी. नियम डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचे. अडलंय ते जगापाशी, म्हणजे गोष्ट ज्या काल्पनिक विश्वात घडते त्यापाशी.

माझं मत असं की जग तयार घ्यावं आणि ते सगळ्यांनी शिकावं. एकट्या डीएमने शिकून भागत नाही. मला एबेरॉन हे डी अँड डीचं तयार जग हवंय. 2002 मध्ये प्रकाशकांनी नव्या जगासाठी प्रस्ताव मागवले, अकरा हजारांहून जास्त आले, त्यांतून कीथ बेकरचं हे जग निवडलं गेलं आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातलं गालिफारचं राज्य वारसाहक्कावरून पाच राष्ट्रांत फुटलं, शंभर वर्षं युद्ध चाललं. त्या पाचांपैकी सायर एका दिवसात उद्ध्वस्त झालं. ते कशामुळे झालं, याचं उत्तर अधिकृत पुस्तकांतही मुद्दाम दिलेलं नाही. खेळ सुरू होतो त्या जगाच्या 998 साली, म्हणजे युद्ध संपवणाऱ्या तहाला जेमतेम दोन वर्षं झालेली.

आता सायरचा निर्वासित आणि पाचांतल्याच कार्नाथचा माजी शिपाई विजेच्या आगगाडीत समोरासमोर बसले, तर सायरचं काय झालं हे दोन्ही खेळाडूंना आधीपासून ठाऊक हवं. मी खेळ थांबवून ‘तुला आता याचा राग यायला हवा’ असं सांगितलं, तर तो राग माझा असेल, त्याचा नसेल. म्हणून सगळ्यांना दोन महिन्यांत मूळ पुस्तक वाचायला सांगितलंय. दोघांनी तोंड वाकडं केलं. तुमचा अनुभव काय?

कोरा_नकाशा

जग छान निवडलंय. अभ्यास लावू नका.

मी हेच केलं होतं, तेही स्वतः रचलेल्या जगाचं. चाळीस पानं टाइप करून सहा जणांना पाठवली. चौघांनी उघडलीसुद्धा नाहीत. पहिल्याच सत्रात गटातल्या सगळ्यात नवख्या मुलीने विचारलं, ‘या गावात विहीर कुठे आहे?’ तिचं कॅरेक्टर, म्हणजे ती खेळत असलेलं पात्र, पळून आलेलं होतं. पाण्यावर बायका काय बोलतात ते तिला ऐकायचं होतं. मी पानं उलटत बसलो. सहाशे वर्षांची राजवंशावळ लिहिली होती, विहीर लिहिली नव्हती. त्या दिवशी मला कळलं की खेळाडू जगात शिरतो तो विहिरीवरून, वंशावळीवरून नाही.

आता मी एक गाव, त्यातून निघणाऱ्या तीन वाटा आणि एक भांडण एवढंच घेऊन बसतो. बाकी सगळं टेबलावर ठरतं. प्रत्येक खेळाडू पहिल्या सत्रात गावाला एक गोष्ट देतो: एक माणूस, एक जागा किंवा एक भीती. आपण दिलेली गोष्ट कुणी विसरत नाही, पाठ करायला सांगावं लागत नाही.

जुना_फासा

वाचून सगळ्यांचं ज्ञान सारखं होत नाही, हे मी फरगॉटन रेल्म्स या डी अँड डीच्या दुसऱ्या जगात सोसलंय. हे जग डी अँड डीपेक्षाही जुनं. खेळ आला 1974 मध्ये, एड ग्रीनवुड त्याआधी लहानपणापासूनच या जगातल्या गोष्टी लिहीत होता. 1987 मध्ये ते खेळासाठी पेटीबंद संच म्हणून आलं आणि तेव्हापासून त्यावर इतकं लिहिलं गेलंय की एका माणसाच्या आवाक्यात ते येत नाही.

आमच्याकडे दोघांना त्या जगातलं बाल्डर्स गेट शहर ‘माहीत’ होतं. एकाने 1998 चा व्हिडिओ गेम खेळला होता, दुसऱ्याने 2023 चा. पहिल्याची गोष्ट त्या जगाच्या 1368 सालातली, दुसऱ्याची 1492 मधली. मध्ये सव्वाशे वर्षं गेली, जादूचा प्रलय येऊन गेला, देव मेले, काही परत आले. दोघंही मनापासून बोलत होते आणि प्रत्येक सत्रात त्यांची जुंपायची. बाकीचे तिघं गप्प. ज्याला जास्त ठाऊक असतं तो हळूहळू टेबलाचा मालक होतो, डीएमचाही. शेवटी आम्ही ते कॅम्पेन सोडलं.

एबेरॉनला एक मोठा फायदा आहे: खेळाची सगळी पुस्तकं 998 याच सालावर थांबलेली आहेत. त्यामुळे निदान ‘कुठल्या सालातलं?’ हा वाद होणार नाही. तरी माझा सल्ला असा की जग सगळ्यांना सारखंच नवं असेल असं घ्या. तुमच्याकडे ते कुणी आधी खेळलंय का?

शनिवारची_रात्र

मी एकटाच. दोन वेळा.

जुना_फासा

मग धोका तुमच्याकडूनच आहे. मला हे नीट सांगावंसं वाटलं म्हणून लिहितोय, राग मानू नका.

माची

सगळे बाहेरचीच जगं का धरून बसलात? आम्ही दोन वर्षं घाटमाथ्यावर खेळतोय. राज्यं, राजे सगळे काल्पनिक, पण जमीन सह्याद्रीची. खाली बंदरं, वर पेठा आणि मधल्या घाटात जकातनाका. नाणेघाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे ना, जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात, तिथून सुचलं. आमच्या कॅम्पेनमध्ये तो रांजण एका रात्री आतून ठोठावायला लागतो.

सांगायचंय ते हे: कुणाला काहीही शिकवावं लागलं नाही. किल्ला म्हटला की पोरं स्वतःहून विचारतात, चोरदिंडी कुठे आहे, टाक्याला पाणी किती, माचीवरून बालेकिल्ल्यावर जायला वाट एकच का? पाऊस सुरू झाला की ओढा ओलांडता येणार नाही हे मला सांगावं लागत नाही. इंग्रजी पुस्तकातली टॅव्हर्न रंगवताना आमची भाषा अडखळायची. धर्मशाळा म्हटल्यावर प्रत्येकाला आवाज सापडला. एकाचा जकातदार तर असा बोलतो की फासे टाकायचं विसरून आम्ही ऐकत राहतो.

2022 मध्ये डी अँड डीच्या अधिकृत पुस्तकात मिमी मोंडल यांनी बंगालवरून स्फुरलेली शंखभूमी आणली. मग आपण आपल्या घाटावर का नाही खेळायचं?

सातेरीचा_घाट

माची, तुमचा रांजण फार आवडला. पण दोन मुद्दे मला पटले नाहीत.

पहिला. ‘काही शिकवावं लागलं नाही’ हे खरं नाही. तुमची मुलं पंधरा-वीस वर्षं किल्ले चढून ते शिकली, तुम्हाला ते फक्त दिसलं नाही. धागाकर्त्याची न्यू जर्सीची मैत्रीण कधी गडावर गेली नसेल तर तिला चोरदिंडी हा शब्दच माहीत नसेल. मी स्वतः गोव्यात वाढले, घाटावरच्या खेळात पहिले दोन महिने मी गप्प बसायचे. घरचं जग ज्याच्या घरचं असतं त्यालाच सोपं जातं. एबेरॉनमध्ये निदान सगळे एका रांगेत उभे असतात.

दुसरा मुद्दा जास्त जिव्हाळ्याचा. आमच्या खेळात डीएमने देवराईतल्या राखणदाराला, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाला, मारता येण्यासारखा राक्षस केलं. त्याला इतके इतके हिट पॉइंट्स (किती घाव सोसेल त्याचा आकडा), एवढं आर्मर (चिलखत). आमच्या घरी राखणदाराला आजही नारळ देतात. मी फासा टाकलाच नाही. डीएम वाईट नव्हता, त्याला ते फक्त ‘लोककथा’ वाटत होतं. ओळखीच्या जगात जातही येते, देवही येतात, आणि ‘हे काल्पनिक आहे’ म्हटल्याने ती जात नाहीत.

माची

राखणदाराचं वाचून थांबलो. आमच्यात वेताळ आहे, पण त्याच्याशी लढता येत नाही, फक्त बोलता येतं. हा नियम आम्ही नकळत केला होता. तो पहिल्याच दिवशी सगळ्यांना विचारून करायला हवा होता. कुठला देव, कुठली जखम खेळात आणायची नाही, ते प्रत्येकाने आधी सांगायला हवं. गप्प बसणाऱ्याचं मला खरंच दिसलं नव्हतं. आमच्यातही एक गप्प असतो, अकोल्याचा आहे. विचारतो त्याला.

तरी भाषेचा मुद्दा सोडत नाही. ज्या भाषेत चिडतो त्याच भाषेत कॅरेक्टर जिवंत होतं.

शनिवारची_रात्र

दोन दिवस विचार केला. पुस्तक वाचायची अट काढून टाकतो. त्याऐवजी प्रत्येकाने पाचातलं एक राष्ट्र निवडायचं आणि फक्त तेवढंच शिकायचं, एका पानाचं. ते पान मी मराठीत लिहून देईन. टेबलावर, समजा, पाचांतल्या ब्रेलंडबद्दल प्रश्न आला की उत्तर ब्रेलंडवाल्याने द्यायचं.

कोरा_नकाशा

त्याचं उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही तर? तिथे तुम्ही दुरुस्ती केलीत की सगळं मुसळ केरात. ग्लोरँथा हे डी अँड डीच्याच पिढीतलं जग, ग्रेग स्टॅफर्डचं. त्याच्या चाहत्यांत एक वचनच आहे की तुमचं ग्लोरँथा वेगळं असणार. अर्धशतक ते जग टिकलंय. तुमच्या ब्रेलंडवाल्याने सांगितलेलं ब्रेलंडच खरं, हे आधी मान्य करा.

शनिवारची_रात्र

मला ते जड जाणार आहे. हे जग मला पाठ आहे आणि त्याच्यावर माझं प्रेम आहे. पण मान्य.

ठाण्याचा_पाचवा

तोंड वाकडं करणाऱ्या दोघांतला एक मी. इथे आत्ताच खातं उघडलं.

दादा, वाचायचा कंटाळा नव्हता. सकाळी आठची लोकल पकडून रात्री नऊला घरी येतो, दोन महिन्यांत ते पुस्तक संपणार नाही हे मला दिसत होतं. आणि पहिल्या दिवशी सगळ्यांत अडाणी मीच ठरेन, याची लाज वाटत होती.

मला सायर दे. उद्ध्वस्त झालेलं नको, त्याआधीचं. माझा माणूस आचारी आहे, आता ब्रेलंडमधल्या निर्वासितांच्या वस्तीत राहतो. सायर का संपलं हे त्यालाही माहीत नाही, म्हणजे मला नसलं तरी चालेल. त्याला फक्त तिथलं जेवण आठवतं. सायरमध्ये लग्नाच्या पंगतीत काय वाढायचे, ते मी ठरवलं तर चालेल का?

शनिवारची_रात्र

ठरव. पुस्तकात काय आहे ते मी बघणार नाही. शनिवारी सांग.