एक कप मैदा म्हणजे नक्की किती ग्रॅम? (मदत हवी आहे)

मंडळी, घरी वजनकाटा आलाय आणि बेकिंगची वही एकदाची ग्रॅममध्ये उतरवून काढायचं मनात आहे. अडलंय ते असं, की वहीत तीन घरच्या पाककृती आहेत. अमेरिकेतल्या मावसबहिणीचा बनाना ब्रेड कपात, मेलबर्नच्या मैत्रिणीचे स्कोन्सही कपात, आणि सासूबाईंची नानकटाई वाटीत: दोन वाट्या मैदा, एक वाटी पिठीसाखर, एक वाटी तूप.

नेटवर एक कप मैदा कुठे १२० ग्रॅम, कुठे १२५, एका ठिकाणी चक्क १५०. शेवटी माझा २४० मिलीचा कपच काट्यावर ठेवला. मैदा चमच्याने हलक्या हाताने भरून वर सुरी फिरवली तर १२३. तोच कप डब्यात खुपसून काढला तर १४६! बनाना ब्रेडला दोन कप लागतो, म्हणजे पाव कपाहून जास्तच फरक.

तर कुठला आकडा धरू? दोन्ही देशांचा कप एकच असतो का? आणि वाटीचं काय करू? (सासूबाई म्हणतात, "आपली नेहमीची वाटी." ती घरात आहे, एवढंच नशीब.)

लोणीसाखर:
बहिणीला आधी विचारा, ती कप कसा भरते. खुपसून भरत असेल तर तिच्या ब्रेडला १४५च बरोबर. माहीत नसेल तर १२० ते १२५ धरा. मैदा नंतर वाढवता येतो, घातलेला काढता येत नाही.

कप एकच नाही. अमेरिकेचा साधारण २४० मिली, ऑस्ट्रेलियाचा २५०. तो फरक किरकोळ आहे, खरी गंमत टेबलस्पूनमध्ये. अमेरिकेत १५ मिली, ऑस्ट्रेलियात २०. स्कोन्सची बेकिंग पावडर टेबलस्पूनने असेल तर तिथे जपा.

अमेरिकन कपाने साखर २०० ग्रॅम, दाबून भरलेली ब्राउन शुगर २१५च्या आसपास, मध ३४०, बटर २२७. बटरची एक स्टिक म्हणजे ११३, त्यामुळे आपली १०० ग्रॅमची वडी तिच्या जागी टाकली की १३ ग्रॅम कमी पडतं. आपली साखर जाड दाण्याची असते, ती कपाने न मोजता वजनानेच घ्या.

शीगभर:
वाटी रिकामी काट्यावर ठेवून शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिली. मैदा आणि पिठीसाखर साधारण त्याच्या निम्म्या वजनाची भरते.

पण नानकटाईला हा हिशोब करूच नका. परात काट्यावर ठेवा, शून्य करा आणि सासूबाईंना त्यांच्या हाताने वाट्या घालू द्या. तुम्ही नुसता आकडा लिहा. तूप थिजलेलं घेतात की पातळ, तेही लिहून ठेवा. थिजलेलं वाटीत दाबून बसतं किंवा मध्ये पोकळी राहते, दर वेळी वजन वेगळं.

रविवारचा केक:
आमच्याकडे जन्मभर कपानेच केक झालेत आणि फुगलेतही. ब्रेड करत असाल तर काटा हवाच, नाहीतर एवढा जीव कशाला काढायचा?

धागाकर्ती:
शीगभर, शंभर मोदक तुम्हाला! वाटीत पाणी १६० मावतं. मी सपाट भरली तर मैदा ८२ ग्रॅम, सासूबाईंची वाटी शिगोशीग, १०९! तूप मात्र त्या सपाटच घेतात. बहिणीचाही निरोप आला, ती खुपसूनच भरते.

आता एकच. पाव चमचा सोड्याला काटा कधी १ दाखवतो, कधी काहीच नाही. तो कसा लिहू?

लोणीसाखर:
चमच्यानेच लिहा. घरचे काटे इतक्या थोड्या वजनाला भरवशाचे नसतात. मोजायचे चमचे वापरा आणि वर सुरी फिरवा, शीग नको.