रस्ता रोकोला ५ वर्षं कैद? आणि खर्च कुणाच्या खिशातून?

काळीमाती: ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरला कर्जमाफीसाठी वर्धा रोड अडवला, त्यावर 'वैदर्भीय' यांनी काल लिहिलं की रस्ता अडवणं अजामीनपात्र करा, सरसकट ५ वर्षं आत टाका, सगळे सुतासारखे सरळ येतील. राहवलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

न्याय संहितेच्या कलम १२६ मध्ये महिनाभर कैद किंवा ५००० दंड आजही आहे. महामार्गाची नासधूस केली तर १९५६ च्या कायद्यात ५ वर्षं आहेतच. शिक्षा वाढवून काय होतं ते जुन्या दंड संहितेच्या कलम ३५३ मध्ये (सरकारी नोकरावर हल्ला) पाहिलंय. २०१८ मध्ये महाराष्ट्राने त्याची शिक्षा २ वर्षांवरून ५ वर नेली आणि खटला सत्र न्यायालयात ढकलला. आधीच तुंबलेल्या कोर्टात आणखी फायली. इथेही पंच, तपास अधिकारी, सरकारी वकील तारखांना खेटे घालणार आणि शेवटी सरकार जीआर काढणार: जीवितहानी नाही, नुकसान ५ लाखांच्या आत, खटला मागे. नेता मोकळा, बिल आपल्याला.

वैदर्भीय: भाषण छान. त्या दिवशी माझे सासरे डायलिसिसला निघाले होते. बुटीबोरीच्या पुढे गाडी अडकली. पाय सुजलेले, म्हणून चपला काढून मागच्या सीटवर आडवे. गळ्यात गमछा असलेला एक पोरगा काचेवर टकटक करून म्हणतो, "काका, थोडं सहकार्य करा." पुढे ट्रकच ट्रक. उच्च न्यायालयाने दुसऱ्या दिवशी सहा वाजेपर्यंत रस्ता मोकळा करा म्हटलं, तेव्हा कुठे हालचाल. हा खर्च तुमच्या हिशेबात कुठे बसतो?

कांदापट्टा: सासऱ्यांचं वाईट वाटलं, खरंच. पण डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली, तेव्हा आम्ही चांदवडला मुंबई-आग्रा अडवला नसता तर कुणी विचारलं असतं का? तहसीलदाराला निवेदन दिलं की शिक्का मारून एक प्रत परत मिळते, बस्स. माझ्या मावसभावावर अशाच एका आंदोलनातली केस आहे. पोलीस भरतीत मैदान मारलं, लेखी काढली, चारित्र्य पडताळणीत अडकला. ज्यांनी माईकवरून "बसा रे खाली" म्हटलं ते आता आमदारकीच्या तयारीत.

माणगावकर: रस्ता अडवण्याचा गुन्हाच लावायचा तर मुंबई-गोवा महामार्गवाल्यांना लावा. २०११ पासून काम चालू आहे! दर गणपतीला आम्ही माणगावात तासन् तास उभे. तो रस्ता रोको नाही का?

वैदर्भीय: विषय काय, तुम्ही बोलताय काय.

चिपळूणची सून: अगदी विषयाला धरून आहे. ऑक्टोबर २०२३ ला याच महामार्गावर, चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेला पूल कोसळला. आंदोलक दोन तास बसला तर कैद, आणि पूल पाडणारा?

माणगावकर: आणि बायपास? दर वर्षी नवी तारीख. मंत्री पाहणीला येतात त्या आठवड्यात खड्ड्यात पेव्हर ब्लॉक पडतात, पुढच्या सरीला ते गाडीखाली उडतात.

काळीमाती: धागा कोकणात गेला. परत आणा कुणीतरी.

पार्ले ते लंडन: मी आणतो. इकडे २०२२ च्या कायद्याने रस्ता अडवण्याला ५१ आठवड्यांपर्यंत कैद आणली. एम-२५ (लंडनभोवतीचा महामार्ग) अडवायचं व्हिडिओ कॉलवर ठरवलं म्हणून पर्यावरण आंदोलक रॉजर हॅलमला सार्वजनिक उपद्रवाच्या कटात २०२४ मध्ये ५ वर्षं झाली, अपिलात ४. आणि त्याच वर्षी सप्टेंबरपासून तुरुंगात जागा नाही म्हणून बऱ्याच कैद्यांना ४० टक्के शिक्षा झाल्यावर सोडायला लागले.

वैदर्भीय: आलं लंडन! कुणी अजून बोललं नाही याचंच नवल वाटत होतं.

पार्ले ते लंडन: टोमणा पोचला. आकडा खोडा मग.

काळीमाती: आपल्याकडे तर चारातले तीन कैदी कच्चेच. तुमच्या अजामीनपात्र कलमाने त्यात भर कुणाची पडणार? गमछावाल्या पोराची.

वैदर्भीय: बरं बाबा, जिंकलात, तुरुंग नको. मग पैसे काढा. २००३ च्या मुंबई बंदबद्दल उच्च न्यायालयाने शिवसेना-भाजपला प्रत्येकी २० लाख भरायला लावले होते ना? तसंच करा. आणि अँब्युलन्सला, पेशंटच्या गाडीला वाट दिली नाही तर आयोजकाला मात्र आतच. यावर मी हटणार नाही.

काळीमाती: अँब्युलन्सपुरतं मान्य. नाइलाजाने.

कांदापट्टा: मला नाही मान्य. वसुली कुणाकडून? संघटनेच्या नावावर काही नसतं, पावतीपुस्तकसुद्धा नाही. परवानगीच्या अर्जावर सही गावातल्याच कुणाची तरी असते. नोटीस त्याच्या घरी, आणि बोजा चढणार त्याच्या सातबाऱ्यावर.

वैदर्भीय: सातबाऱ्यावर चढवा असं मी कुठे लिहिलंय? दाखवा.

कांदापट्टा: तुम्ही नाही लिहिलं, पण तलाठी लिहील.