कोर्टाच्या इंग्रजीसाठी पुस्तक सुचवा (बजेट ४०० रु.)

नवा_ज्युनियर: एलएलबी मराठी माध्यमातून. आता नागपूर खंडपीठात सीनियरकडे आहे, तिथे सगळं इंग्रजी. ड्राफ्ट करताना भूतकाळाशी अडतो: प्लीडेड की प्लेड, हँग्ड की हंग? चारशेच्या आत सुचवा.

दादा_कोल्हापूरचे: जाडजूड लॉ डिक्शनरी घे बाबा. मला अडीच हजाराला पडली. आठ वर्षं झाली, अजून नवीकोरी.

सातारी_तर्री: नवीकोरी म्हणजे उघडलीच नसणार 😀

निवृत्त_स्टेनो: पुस्तक कशाला? माणूस हँग्ड, फोटो हंग. फाशीच्या कलमातच ‘हँग्ड बाय द नेक’ आहे. आधी सीआरपीसी (जुना फौजदारी प्रक्रिया कायदा) ३५४(५), आता त्याच्या जागी आलेला बीएनएसएस ३९३(५). अन् गुन्हा कबूल केला तर प्लीडेड गिल्टी.

जर्सीकर: आमच्याकडे अमेरिकेत वकील सर्रास प्लेड म्हणतात. चालतं.

निवृत्त_स्टेनो: तिकडे चालू दे. इथे साहेब लाल पेन काढतात.

मायमराठी: मूळ रोग हायकोर्टाचं काम इंग्रजीत ठेवणारं राज्यघटनेचं ३४८ वं कलम. यूपी, बिहार, एमपी, राजस्थानच्या हायकोर्टात हिंदी चालते, आपल्याकडे मराठी का नाही?

सातारी_तर्री: काका, त्याला उद्या ड्राफ्ट द्यायचाय.

चेकबाउन्सवाली: कलम १३८ च्या (चेक न वटल्याच्या) नोटिशी करणार असशील तर ड्रॉ, ड्रू, ड्रॉन घोकून ठेव. ‘चेक वॉज ड्रॉड’ लिहिलेली नोटीस समोरच्या वकिलाने भर कोर्टात मोठ्याने वाचलेली ऐकली आहे. शिवाय ‘ॲन अपील लाइज’चा (म्हणजे अपील करता येतं) भूतकाळ ‘ले’. ‘लेड’ नाही, ते ठेवण्याचं. इथे भले भले घसरतात. आणि कंपनी गुंडाळली की ती ‘वाउंड अप’ होते, ‘वाइंडेड’ नाही.

दादा_कोल्हापूरचे: माणूस हँग्ड, फोटो हंग. हे लक्षात ठेव.

निवृत्त_स्टेनो: वर तेच लिहिलंय की हो!

दादा_कोल्हापूरचे: डिक्शनरीतही तेच आहे.

चेकबाउन्सवाली: रोज सुप्रीम कोर्टाचा एक निकाल वाच, वेबसाइटवर फुकट मिळतो. ‘हेल्ड’, ‘सॉट’, ‘स्ट्रक डाउन’ आपोआप बसतात.

नवा_ज्युनियर: सगळ्यांचे आभार. बर्डीवर जुन्या पुस्तकांत शाळेचं ‘क्रियापदांची तीन रूपं’ मिळालं, ६० रुपये. तेच घेतलं.

चेकबाउन्सवाली: अरे, त्यात प्लीड तरी आहे का?

नवा_ज्युनियर: नाही. पेन्सिलीने लिहून घेतलं, ताई.