मदत हवी आहे : साताऱ्यात नवीन आहे, कॉलेजचं काहीच जमेना

नमस्कार सगळ्यांना, मी पाटण तालुक्यातली, यंदा साताऱ्यात बीएस्सी फर्स्ट इयरला ॲडमिशन घेतलंय आणि पोवई नाक्याजवळ कॉट बेसिसवर राहतेय. बारावीपर्यंत पुस्तकं इंग्लिशमधलीच होती पण सर सगळं मराठीत समजावून सांगायचे, इथं मॅडम सलग इंग्लिशमध्ये बोलतात आणि मी फळ्यावरचं उतरवून घेईपर्यंत त्या पुढच्या पॉइंटवर गेलेल्या असतात. शंका विचारायला हात वर करावासा वाटतो पण वाक्य मनात जुळवेपर्यंत तास संपतो. मराठीत विचारलं तर चालतं का हो, की सगळे हसतात?

त्यात नवीन शैक्षणिक धोरणाचं मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेचा विषय) हे अजून डोक्यात बसत नाही, सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट असतात एवढंच कळलंय. मायनर कुठला घेतला तर पुढं एमएस्सीला उपयोग होईल?

दुसरं म्हणजे घरून पैसे मागायला जीवावर येतं, यावर्षी भाताचं पावसानं वाटोळं झालंय. कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांची कमवा आणि शिका योजना ऐकून माहितीय, त्यात काम केलेल्या कुणी सांगा ना, मुलींना कसलं काम देतात, आणि प्रॅक्टिकल सांभाळून जमतं का?

रूमवरच्या मुली चांगल्या आहेत पण रात्री उशिरापर्यंत फोन चालू असतो, वाचन होत नाही. मुलींना संध्याकाळी बसता येईल अशी अभ्यासिका माहिती असेल तर फीसकट सांगा प्लीज.