मदत हवी आहे : 'रायट अ‍ॅक्ट वाचून दाखवणे' याचा नेमका अर्थ

नमस्कार मंडळी,
एका इंग्रजी कथेचं भाषांतर करतेय. त्यात हॉस्पिटलची मेट्रन रात्रपाळीच्या नर्सेसना 'रायट अ‍ॅक्ट वाचून दाखवते'. मी सध्या 'मेट्रननं नर्सेसची खरडपट्टी काढली' असं लिहिलंय, पण मन मानत नाही. हा खरंच कायदा होता का? आणि समीक्षक एखाद्या पुस्तकावर तुटून पडतो, तिथे हा वाक्प्रचार चालतो का? शुक्रवारी मजकूर द्यायचाय, कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद :
ताई, अगदी खराखुरा कायदा. ब्रिटिश संसदेचा, 1714 चा. 1 ऑगस्ट 1715 पासून लागू झाला. बारा किंवा जास्त माणसं जमून दंगा करू लागली की मॅजिस्ट्रेटनं त्यांच्यासमोर जाऊन ठरलेला मजकूर मोठ्यानं वाचायचा : राजाची आज्ञा आहे, ताबडतोब पांगा, मुकाट्यानं आपापल्या घरी किंवा कामाला जा. शेवटी 'गॉड सेव्ह द किंग'. तिथून एक तासाची मुदत. त्यानंतरही बारा जण हलले नाहीत तर थेट फाशीचा गुन्हा! शब्द जसेच्या तसे वाचावे लागत. शेवटचं 'गॉड सेव्ह द किंग' राहिलं म्हणून एका खटल्यातली शिक्षा रद्द झाली होती. 1819 मध्ये मँचेस्टरला सेंट पीटर्स फील्डवर साठेक हजारांच्या सभेवर घोडदळ घातलं, तेव्हाही कायदा वाचला असं मॅजिस्ट्रेट सांगत राहिले. गर्दीतल्या बहुतेकांच्या कानावर त्यातलं अक्षरही पडलं नव्हतं. मला तो प्रसंग फार संतापजनक वाटतो.

कायदा विसाव्या शतकात गेला, बोलण्यात मात्र राहिला. म्हणून यात बोलणारा अधिकारावर असावा लागतो आणि 'आता थांबला नाहीत तर बघा' हे आलंच पाहिजे. समीक्षकाच्या हातात असा अधिकार नसतो, त्यामुळे पुस्तकाच्या बाबतीत नको. खरडपट्टी झाल्या चुकीची निघते, पुढची तंबी त्यात येईलच असं नाही. मी 'सज्जड दम भरला' म्हणेन. तुमच्या मेट्रनबाई पुढे काय म्हणतात?

धागाकर्ती :
मनापासून आभार! पुढचं वाक्य आहे, 'उद्यापासून जी उशिरा येईल तिनं वॉर्डात पाऊल टाकू नये.' म्हणजे सज्जड दमच. 'मेट्रननं सगळ्यांना उभं करून सज्जड दम भरला' असं करते. याच कथेत 'फ्लॅक' हा शब्दही टीकेच्या अर्थानं आलाय, त्याबद्दल कुणी सांगेल का?